प्रश्नोत्तरे : कॉम्प्युटर सुरू होताच न बोलावता हजर होणारे प्रोग्रॅम

प्रश्न : विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, रॅम ८ जीबी. चालू केला की टीम्स, स्पॉटिफाय, वनड्राइव्ह, प्रिंटरची एक खिडकी असं सगळं एकामागोमाग उघडतं आणि हातात काम घ्यायला चार-पाच मिनिटं जातात. यातलं काय बंद करावं आणि काय राहू द्यावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज ११ मध्ये त्याच्या डाव्या पट्टीत 'स्टार्टअप ॲप्स' आहे. विंडोज १० मध्ये तोच टॅब वरच्या बाजूला असतो. तिथे खिडकी अगदी छोटी उघडली, तर आधी खालचं 'मोअर डिटेल्स' दाबा.

यादीतला 'स्टार्टअप इम्पॅक्ट' हा रकाना बघा. 'हाय' लिहिलं असेल, तर त्या प्रोग्रॅमने सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं. 'लो' म्हणजे ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी यांच्या आत. 'नॉट मेझर्ड' हे बहुधा नुकत्याच टाकलेल्या प्रोग्रॅमपुढे दिसतं. त्याचं मोजमाप अजून झालेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. 'हाय'वाल्यांपासून सुरुवात करा : नावावर राइट क्लिक, मग 'डिसेबल'. प्रोग्रॅम जागेवरच राहतो, हवा तेव्हा नेहमीसारखा उघडतो. फक्त आपोआप उघडायचा थांबतो.

टीम्स, स्पॉटिफाय, गेमचे लाँचर बिनधास्त बंद करा. प्रिंटरची खिडकी बंद केली तरी छपाई चालू राहते, कारण ते काम ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) आणि स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा) करतात. काही प्रिंटरवर शाई संपत आल्याची सूचना येत नाही किंवा प्रिंटरवरचं स्कॅनचं बटण चालत नाही, इतकंच.

वनड्राइव्हबद्दल, म्हणजे फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, मात्र घाई नको. तुमचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर त्यात जोडलेले असतील, तर डिसेबल केल्यावर तुम्ही स्वतः तो उघडेपर्यंत नव्या फाइली वर चढत नाहीत. हे लक्षात येतं ते लॅपटॉप बिघडल्यावर! 'विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन आयकॉन' बंद केलात तर घड्याळाशेजारची ढाल दिसेनाशी होते. संरक्षण वेगळ्या सर्व्हिसमधून (पडद्यामागे चालणाऱ्या सेवेतून) चालूच राहतं, पण त्यातून वाचत काहीच नाही. राहू द्या. टचपॅडशी संबंधित नोंदीलाही हात लावू नका.

एका वेळी तीन-चारच नोंदी बंद करा आणि रिस्टार्ट करून बघा. एकदम वीस बंद केल्या आणि काही अडलं, तर कशामुळे ते शोधत बसावं लागतं.

प्रश्न : एक प्रोग्रॅम दोनदा बंद केला, तरी काही दिवसांनी पुन्हा उघडू लागला. रजिस्ट्रीतून (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथून) नोंद पुसून पाहिली, उपयोग झाला नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पुसण्यातच चूक झाली. टास्क मॅनेजरमधून डिसेबल केलं की रजिस्ट्रीतल्या 'रन' या जागेची मूळ नोंद तशीच राहते आणि 'स्टार्टअप अप्रूव्ड' नावाच्या दुसऱ्या जागी 'बंद' अशी खूण होते. पुढच्या अपडेटने मूळ नोंद त्याच नावाने पुन्हा लिहिली, तरी ही खूण टिकते. तुम्ही नोंद हाताने पुसलीत, तर प्रोग्रॅम ती सरळ नव्याने लिहितो. म्हणून पुसू नका, डिसेबल करा. डिसेबल करूनही परत येत असेल, तर अपडेटने वेगळ्या नावाने नोंद केली आहे का ते यादीत बघा.

तिथे काही सापडलं नाही, तर तो दुसऱ्या दाराने येतोय. आधी त्या प्रोग्रॅमचं स्वतःचं सेटिंग उघडा, बहुतेकांत 'आपोआप सुरू व्हा' अशा अर्थाची खूण असते. ती काढणं हा सर्वांत पक्का उपाय. मग विंडोज आणि आर दाबून 'टास्क शेड्युलर' (ठरलेली कामं आपोआप सुरू करणारं विंडोजचं साधन) शोधायचा : चौकटीत टीएएसकेएससीएचडी, टिंब, एमएससी ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा. लायब्ररीत 'ट्रिगर्स' रकान्यात 'ॲट लॉग ऑन' असलेल्या कामांत तुमच्या प्रोग्रॅमचं नाव दिसलं, तर राइट क्लिक करून डिसेबल करा. मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरातल्या कामांना हात नको.

तिसरं दार बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे रिस्टार्ट ॲप्सचं एक बटण आहे. ते चालू असेल, तर बंद करताना उघडी असलेली काही ॲप्स पुढच्या वेळी तशीच उघडतात, त्यांचा स्टार्टअप यादीशी संबंध नसतो. एजचं 'स्टार्टअप बूस्ट' आणि क्रोमचं 'कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड ॲप्स' ही दोन्ही त्या-त्या ब्राउझरच्या सिस्टिम विभागात बंद होतात.

प्रश्न : झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी कॉम्प्युटर लावला की 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट' नावाची चौकट येते : 'कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल'. ओके दाबलं की जाते, पण रोज येते.
– एक वाचक, बीड

उत्तर : गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या शॉर्टकट व्हायरसचं हे मागे राहिलेलं शेपूट असण्याची शक्यता सर्वांत जास्त. अँटिव्हायरसने व्हायरसची फाइल उडवली, पण ती चालवण्याचा हुकूम स्टार्टअपमध्ये तसाच राहिला. विंडोज रोज ती फाइल शोधतं आणि मिळाली नाही म्हणून सांगतं.

चौकटीतला फाइलचा पूर्ण पत्ता मोबाइलवर टिपून घ्या. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' चालू करा. टिपलेला पत्ता ज्या ओळीत दिसेल, ती डिसेबल करा. तिथे मिळाला नाही, तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स पानावरून 'ऑटोरन्स' हे मोफत साधन उतरवा आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' निवडलं की भलीमोठी यादी आटोपशीर होते, पण इथे एक मेख आहे. स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम विंडोजचाच असल्याने तुमची ओळही त्यात लपू शकते. म्हणून वरच्या शोधचौकटीत फाइलचं नाव टाकून, हे लपवणं चालू आणि बंद, असं दोन्ही प्रकारे बघा. पिवळी ओळ म्हणजे जिची फाइल जागेवर नाही अशी नोंद. गुलाबी म्हणजे प्रकाशकाची खात्री न पटलेली. गुलाबी दिसली म्हणजे व्हायरसच, असं नाही. आधी फक्त डावीकडची खूण काढा, दोन दिवस सगळं नीट चाललं तर मग ओळ पुसा.

तरीही व्हायरस पूर्ण गेला असं गृहीत धरू नका. विंडोज सिक्युरिटीत 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा. कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि साधारण १५ मिनिटं लागतात, तेव्हा दुकान उघडण्याआधीच करा.

प्रश्न : एकाच्या सल्ल्याने 'एमएसकॉन्फिग' या विंडोजच्या साधनामध्ये सर्व्हिसेस 'डिसेबल ऑल' केल्या. आता वायफाय नाही आणि डिजिटल सहीचं टोकनही ओळखत नाही. जीएसटीची कामं अडली आहेत.
– एक करसल्लागार, सांगली

उत्तर : पुन्हा एमएसकॉन्फिग उघडा, 'जनरल' टॅबवर 'नॉर्मल स्टार्टअप' निवडा, ओके करून रिस्टार्ट करा. सेवा परत येतील. मात्र यादीत पूर्वी मुद्दाम बंद केलेलं काही असेल, तर तेही चालू झालंय का ते तपासा.

विंडोज ८ पासून स्टार्टअप प्रोग्रॅमचा कारभार एमएसकॉन्फिगकडून टास्क मॅनेजरकडे गेला. सर्व्हिसेसचा टॅब बिघाड शोधण्यासाठी आहे, रोजच्या वेगासाठी नाही. तिथेही आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' या चौकटीत खूण करायची असते. ती राहिली की विंडोजच्या स्वतःच्या सेवाही बंद होतात, तुमचं वायफाय त्यातच गेलं असणार. टोकनसोबत आलेलं साधन स्टार्टअपमध्ये राहू द्या. एमसाइनर (जीएसटीच्या संकेतस्थळावर डिजिटल सही करून देणारा प्रोग्रॅम) मात्र आपोआप उघडलंच पाहिजे असं नाही, सही करण्याआधी हाताने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं तरी चालतं.

प्रश्न : मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम स्टार्टअपमध्ये लागतोच का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : छपाईसाठी जुन्या, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसणारी अक्षरं) नसलेल्या फॉन्टमध्ये लिहीत असाल तर हो, राहू द्या. फक्त युनिकोड हवं असेल, तर विंडोजचे स्वतःचे मराठी कीबोर्ड पुरतात. इनस्क्रिप्ट पूर्वीपासून आहे आणि उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा फोनेटिक २०१९ पासून मिळतो. सेटिंग्जमधल्या भाषांच्या विभागात मराठी जोडा. विंडोज आणि स्पेसबारने भाषा बदलते.

प्रश्न : मॅकवर ही यादी कुठे असते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, लॉगिन आयटम्स. वरच्या भागात लॉगिन करताच उघडणारे प्रोग्रॅम, खाली पडद्यामागे चालणारे. शिवाय बंद करताना येणाऱ्या चौकटीत 'रीओपन विंडोज' ही खूण काढा. नाहीतर यादी रिकामी करूनही कालच्या खिडक्या आज उघडतील.

प्रश्न : नको ते सगळं बंद केलं, तरी विंडोज १० चा जुना डेस्कटॉप तीन मिनिटं घेतो. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी.
– एक वाचक, अकोला

उत्तर : स्टार्टअप टॅबच्या वरच्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' दिसत असेल तर बघा. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा, यंत्र तपासून सुरू करणारा प्रोग्रॅम. तो २०-३० सेकंद असेल, तर तेवढा वेळ विंडोजच्याही आधी जातोय. मागे लावून ठेवलेला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क काढून पुन्हा मोजा.

तो कमी असेल, तर चालू झाल्यावर 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये डिस्क किती वेळ १०० टक्क्यांवर राहते ते पाहा. मिनिटभराहून जास्त राहिली, तर दोष यादीचा नाही, फिरत्या तबकडीच्या डिस्कचा आहे. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवा, म्हणजे फिरता भाग नसलेली, त्याच प्रकारच्या जोडणीची वेगवान डिस्क. स्टार्टअप कितीही साफ केला तरी इतका फरक पडणार नाही. पैसे उरले तर रॅम ८ जीबी करा, पण आधी एसएसडी. एक लक्षात घ्या : विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. यंत्र विंडोज ११ ला पात्र नसेल, तर त्यावर मोठा खर्च करू नका. एसएसडी वाया जात नाही, साटा जोडणी असलेल्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये ती बसते.

मोजमाप करताना 'शट डाउन' नव्हे, 'रिस्टार्ट' वापरा. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो, पूर्ण बंद होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखालचा 'अप टाइम' रोज रात्री बंद करूनही पाच-सहा दिवसांचा दिसतो, तो त्यामुळेच.