बायबलमधल्या पहिल्या माणसाने, आदामाने, पाप केलं, मग जन्मलेल्या बाळावर त्याचा ठपका का? हा अन्याय नाही का?

बाळाला अपराधी ठरवत असाल तर हो, अन्यायच आहे. बायबलच (यहेज्केल १८:२०) सांगतं की बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही. अपराध वारशाने येतो ही शिकवण पक्की केली ती मुख्यतः ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टिनने (३५४–४३०). बायबलमधल्या रोमकरांस पत्र ५:१२ मधल्या ग्रीक शब्दांचा अर्थ बहुतेक अभ्यासक 'कारण सर्वांनी पाप केलं' असा लावतात; ऑगस्टिनच्या लॅटिन प्रतीत 'ज्याच्यात (म्हणजे आदामात) सर्वांनी पाप केलं' असं वाचता येत होतं. एवढ्याशा फरकाचं ओझं किती तान्ह्यांवर पडलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ऑर्थोडॉक्स चर्चच्या मते वारशाने मरण येतं, अपराध नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही (परिच्छेद ४०५) आदामाच्या या पापाला वंशजांचा वैयक्तिक दोष मानत नाही. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेत मात्र अपराधही उतरतो. तिथे तुमचा आक्षेप पूर्ण लागू पडतो.