वाचक विचारतात : टेक्सासच्या शिपायाचं टपाल

प्रश्न : आमच्या कॉलेजची एकांकिका अमेरिकेच्या यादवी युद्धावर आहे. डिसेंबर १८६३, व्हर्जिनियातली छावणी. टेक्सासचा एक कॉन्फेडरेट (म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा) शिपाई शेकोटीशी कॉफी पीत बायकोचं आठवड्यापूर्वीचं पत्र वाचतोय. पाकीट, तिकीट, कागद कसे दाखवावेत? आणखी काही खटकतं का?
— एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : खटकतं, आणि पाकिटाच्या आधी तारीखच खटकते. व्हर्जिनियात लढणाऱ्या दक्षिणेच्या जनरल लींच्या सैन्यातली टेक्सास ब्रिगेड सप्टेंबर १८६३मध्ये जनरल लाँगस्ट्रीटबरोबर जॉर्जियाला गेली, तिथे चिकामॉगाच्या लढाईत लढली आणि डिसेंबरात ती पूर्व टेनेसीत होती. शिवाय ४ जुलैला मिसिसिपीकाठचं दक्षिणेचं ठाणं व्हिक्सबर्ग पडलं, पाठोपाठ पोर्ट हडसन. मिसिसिपी नदी उत्तरेच्या हाती गेली नि टेक्सास पलीकडे तुटलं. टपाल चोरून नदीपार न्यावं लागे. त्यासाठी दक्षिणेच्या टपाल खात्याने अर्ध्या औंसाला ४० सेंटची खास सेवा काढली. साध्या पत्राला १० सेंट पडत आणि साध्या शिपायाचा पगार महिना ११ डॉलर, तोही अनेकदा महिनोन् महिने थकलेला. तेव्हा आठवड्यात पत्र येणं सोडाच.

प्रसंग जानेवारी १८६३मध्ये, फ्रेडरिक्सबर्गजवळ रॅपाहॅनॉक नदीच्या दक्षिण काठावर न्या. ब्रिगेड तेव्हा तिथेच होती आणि व्हिक्सबर्गही पडलेलं नव्हतं. तरी पत्र महिना-दीड महिन्याचं शिळंच ठेवा. ‘धाकट्याला ताप आहे’ हे तो वाचतो तेव्हा त्या तापाचं जे व्हायचं ते घरी कधीच होऊन गेलंय, आणि हे त्याला पुरतं ठाऊक आहे. नटाला खेळायला यात जास्त जागा आहे.

आता पाकीट. पत्त्यात छावणीचं गाव नको. सैन्य हललं की तो पत्ता फुकट जाई. नाव, कंपनी, ५वी टेक्सास पलटण, हुडची डिव्हिजन, रिचमंड, व्हर्जिनिया, असं लिहा (हुड हे डिव्हिजनचे सेनापती, रिचमंड ही दक्षिणेची राजधानी). तिकिटं ५ सेंटची निळी, शेजारीशेजारी दोन, त्यावर अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचा चेहरा. कडा कात्रीने सरळ कापा. आज मिळतात तशी दातेरी तिकिटं चिकटवलीत की जाणकार पहिल्या रांगेतच हसतील.

कागदाची टंचाई रंगमंचावर दाखवता येते, पण संवादातून सांगू नका. आलेलं पाकीट जोडावर ओलं करून उकलायचं, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा घडी घालायची, खळीने चिकटवायचं आणि कोऱ्या बाजूवर उत्तराचा पत्ता घालायचा. जुना पत्ता आत राहतो. अशी उलटवलेली पाकिटं आजही संग्राहकांकडे दिसतात. खळ पातळ असेल तर कागद फुगतो, म्हणून घट्टसर शिजवा. पत्र आडवं लिहून झालं की कागद पाव फेरा फिरवून त्याच ओळींवर उभं लिहीत. म्हणजे वाचताना नटाने मध्येच कागद फिरवून परत वरून सुरुवात करायची. शाई गडद काळी नको. पोकबेरी या रानफळाचा रस लालसर-जांभळा उमटतो नि पुढे तपकिरी पडतो.

कॉफी मात्र काढून टाका, किंवा ती कुठून आली ते दाखवा. उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवल्यामुळे शिपाई भाजलेला मका नाहीतर राय हे गव्हासारखं धान्य उकळून पीत. खरी कॉफी मिळे ती शत्रूच्याच पहारेकऱ्यांकडून. याच रॅपाहॅनॉक नदीत चिमुकल्या शिडाच्या होड्या सोडून इकडून तंबाखू जाई, तिकडून कॉफी आणि वर्तमानपत्रं येत. वरिष्ठांची मनाई होती, तरी चाले. जेवणात डुकराच्या चरबीत पाणी घालून मक्याचं पीठ झुणक्यासारखं घोटलेलं दाखवा. मागे ओंडक्यांची, फटी मातीने लिंपलेली झोपडी. धुराडं काटक्या-मातीचं, वर बूड काढलेलं पिंप. ते पिंप पेट घेई, हा विनोदी प्रसंग तुम्हाला आयता मिळेल.

प्रश्न : पगारच थकलेला, तर शिपाई तिकिटाला पैसे कुठून आणत?
— एक तिकीटसंग्राहक, मुलुंड

उत्तर : आणायची गरज नव्हती. १८६१च्या कायद्याने शिपायाला पैसे न भरता पत्र टाकता येई. पाकिटावर स्वतःचं नाव, हुद्दा, कंपनी, पलटण लिहायची. टपालवाला ‘देणे १०’ अशी खूण करी आणि घरचे पैसे भरून पत्र सोडवत. घरून येणाऱ्या पत्राला ही सवलत नव्हती.

प्रश्न : गुलामगिरी टिकवायला लढलेल्यांसाठी आम्ही का हळहळावं?
— एक वाचक, परळ

उत्तर : हळहळा असं आमचं म्हणणं नाही. गुलामगिरी हाच आपल्या सरकारचा पाया आहे, हे दक्षिणेचे उपाध्यक्ष स्टीफन्स यांनी मार्च १८६१मध्ये सव्हानाला जाहीरपणे सांगितलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. पण छावणीत आणखी एक माणूस घरापासून तुटलेला होता, तो म्हणजे मालकासोबत आणलेला गुलाम. स्वयंपाक, धुणं, घोडे त्याच्याकडे. अनेक दक्षिणी राज्यांत गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा होता, त्यामुळे त्याच्या बायकोचा निरोप आलाच तर मालकाच्या पत्रातल्या एखाद्या ओळीत येई. दादरच्या मंडळींनी हे पात्र जरूर घ्यावं. मात्र मालक अधिकारी किंवा सधन घरचा शिपाई दाखवा. गरीब शेतकरी शिपायाकडे असा नोकर नसे.