मालदीव-मॉरिशसचा उपभोग खर्च ताडताना

प्रोजेक्टसाठी मालदीव आणि मॉरिशस घेतलेस, जोडी छान आहे. पण जागतिक बँकेच्या तक्त्यातले कुटुंबांच्या उपभोग खर्चाचे, म्हणजे घरांनी वस्तू-सेवांवर केलेल्या खर्चाचे, दोन आकडे शेजारी ठेवून लगेच आलेख काढायला बसू नकोस.

पहिली मेख पर्यटकांची. सिंहस्थात रामकुंडावर आलेला भाविक पंचवटीत जेवला, तर गल्ला नाशिककराचा भरतो. पण तो खर्च नाशिकच्या घरांचा नव्हे. तसंच परदेशी पाहुण्याने मालदीवच्या रिसॉर्टमध्ये उधळलेले डॉलर सेवांच्या निर्यातीत मोजतात, तिथल्या कुटुंबांच्या उपभोग खर्चात नाही. काही देश आधी देशात झालेला सगळा खर्च धरतात, मग पर्यटकांचा वजा करतात आणि आपल्या लोकांनी परदेशात केलेला मिळवतात. तुझा आकडा वजाबाकीच्या आधीचा की नंतरचा, हे तळटीपेत सापडेल. तळटीपा वाचायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, पण खरी माहिती तिथेच दडलेली असते.

मग दरडोई काढ. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, मालदीवची जेमतेम पाच लाख. आणि त्यातही २०२२च्या जनगणनेनुसार साधारण चौथा हिस्सा परदेशी कामगार. ते कमाई घरी धाडतात, म्हणून भागाकारात कोणाला धरलंस ते स्पष्ट लिही.

चलनाचं थोडक्यात: मालदीवच्या रुफियाचा डॉलरशी दर जवळपास बांधलेला आहे, मॉरिशसचा रुपया हलता. त्यामुळे बाजारदराऐवजी क्रयशक्ती समानतेचे, म्हणजे दोन्हीकडच्या किमतींतला फरक जमेस धरून काढलेले, आकडे घे. आणि २०२० हे वर्ष तुलनेचा पाया म्हणून अजिबात नको, त्या साली दोन्हीकडची विमानंच थांबली होती.