निलंबनाचं पत्र आलंय, वकिलाकडे जाताना काय न्यावं?

तुम्ही बेळगावात उद्यमबागच्या मशीनशॉपमध्ये आठ वर्षं सुपरवायझर. निलंबनाचं पत्र कन्नडमध्ये, मित्र म्हणतो 'घेऊच नको', आणि तुम्ही विचारताय वकिलाकडे काय न्यायचं, फी किती.

आधी त्या मित्राला गप्प बसवा. हा सल्ला उद्यमबागपासून होनग्यापर्यंत प्रत्येक चहाच्या गाड्यावर फुकट मिळतो आणि नोकऱ्या घालवतो. नाकारलेलं पत्र पोस्टाने घरी येतं. तिथंही परत पाठवलंत की पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडतो आणि पत्र मिळालं असंच कोर्ट धरतं. चौकशीची तारीख तुम्हाला कळतच नाही, चौकशी एकतर्फी उरकते. पत्र घ्या. पोचीवर सहीखाली मराठीत लिहा : 'पत्र मिळालं, मजकूर मान्य नाही', पुढे तारीख, वेळ. पोस्टाने आलं तर पाकीटही जपा, पत्र कधी आलं याचा पुरावा त्यावरचा शिक्का असतो. आणि कन्नड 'अंदाजाने कळलं' चालणार नाही. नेमका आरोप कुठला, उत्तराला किती दिवस, हे ओळीओळीने मराठीत उतरवून घ्या.

वकिलासाठी एक पान करा : तारीख, काय घडलं, त्याचा कागद कुठला. साहेब काय काय बोलला ते नंतर. सोबत नेमणूकपत्र, वर्षभराच्या पगारस्लिपा, पीएफ पासबुक, बँकेचा उतारा. निलंबनात पहिले 90 दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळायला हवा. जमा झाला की नाही ते उताऱ्यात दिसतं. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. मूळ फोन रीसेट करू नका, विकू नका.

खरी मेख तुमच्या हुद्द्यात आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, काम देखरेखीचं आणि पगार महिना 18,000 च्या वर असेल तर तुम्ही 'कामगार' नाही, म्हणजे कामगारांना मिळणारं या कायद्याचं संरक्षण तुम्हाला नाही. मालकाचा वकील पहिल्यांदा हेच काढणार. पण कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, काम बघतं. लेथवर स्वतः उभे राहत असाल तर तुमच्या नावाची जॉबकार्डं, म्हणजे कुठलं काम कुणी केलं त्या नोंदी, न्या. हाताखालच्यांची रजा तुम्ही मंजूर करता की वरचा साहेब, तेही सांगा, काम देखरेखीचं आहे का ते त्यावरूनही बघतात.

'राजीनामा दे, ग्रॅच्युइटी लगेच देतो' म्हटलं तर सही नाही. पाच वर्षं भरलीत, ती तुमचीच आहे : शेवटचा मासिक पगार (मूळ पगार व महागाई भत्ता; बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर तो जादा भागही) × 15 ÷ 26 × वर्षं. मात्र चोरी किंवा मारामारीचा आरोप सिद्ध होऊन बडतर्फी झाली तर ती अडकू शकते, तसा आरोप असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. फीचं म्हणाल तर नोटिशीचे किती, तारखेचे किती, वेगवेगळं विचारून लिहून घ्या.