‘चोमासुं बेठुं’ आणि ‘सेट इन’

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा नोकरीचा अर्ज वाचला आणि ‘माय जॉब सेट इन इन जून’ या वाक्याखाली लाल रेघ ओढली. शब्दकोशात ‘सेट इन’ म्हणजे ‘सुरू होणे’ एवढेच वाचून तू ते लिहिले असावेस, म्हणून सगळा दोष तुला देत नाही. पण नोकरी, सभा किंवा शाळा यांना हे क्रियापद लावत नाहीत.

आपल्या बडोद्यात जूनमध्ये दोन-चार सरी येऊन गेल्या, तरी गुजराती शेजारी लगेच काही बोलत नाहीत. आभाळ चहूकडून भरून आले आणि दोरीवरचे धोतर तिसऱ्या दिवशीही ओलेच राहिले, की मग म्हणतात, ‘चोमासुं बेठुं’. पावसाळा आला तो बसलाच, आता लवकर उठायचा नाही. ‘द रेन्स हॅव सेट इन’ या वाक्याचा भाव नेमका हाच आहे. मराठीत हे काम पुष्कळदा ‘लागणे’ करते: झड लागते, कीड लागते, उतरती कळा लागते. इंग्रजीत कडाक्याची थंडी, जखमेतला संसर्ग, घबराट, निराशा ही सारी अशीच ‘सेट इन’ होतात, म्हणजे येतात आणि मुक्काम ठोकतात. मात्र गुजरातीचा हात धरून फार पुढे जाऊ नकोस. दिवाळीनंतरच्या पाडव्याला येथे ‘बेसतुं वरस’ म्हणतात, म्हणून इंग्रजी नववर्षही ‘सेट इन’ होते असे नाही, कारण या क्रियापदाचा ओढा बहुधा नकोशा आणि रेंगाळणाऱ्या गोष्टींकडे असतो.

व्याकरण सोपे आहे. भूतकाळातही रूप ‘सेट’च राहते, आणि क्रियापद अकर्मक असल्यामुळे पाऊस स्वतः ‘सेट इन’ होतो, त्याला कोणी ‘सेट इन’ करत नाही. ‘पाऊस लागण्याआधी छप्पर शाकारू’ हे सांगताना ‘बिफोर द रेन्स सेट इन’ असेच लिहावे. काम पुढचे असले तरी ‘बिफोर’नंतर ‘विल’ घालू नये. ही चूक माझ्या हातूनही कैक वर्षे होत असे.

आणखी एक फसवी जागा आहे. ‘द स्टोरी इज सेट इन बडोदा’ म्हणजे कथा बडोद्यात घडते. तिथे ‘इन’ हा ‘बडोदा’शी जोडलेला असतो आणि त्याच्यावर जोर पडत नाही. पावसाच्या वाक्यात मात्र ‘इन’वरच जोर येतो. दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा, फरक कानालाच कळेल.

अर्जात ‘आय स्टार्टेड वर्क इन जून’ एवढेच लिही आणि दुरुस्त प्रत रविवारी घेऊन ये.

तुझा शुभचिंतक