मध्यस्थ व्हायचंय? आधी ताळेबंद वाचता यायला हवा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर असलेल्या वडिलांचं पत्र आलंय. मुलगी तिथंच एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कंपन्यांच्या दिवाळखोरीतले वाद मध्यस्थीनं सोडवण्याचं काम करायचं म्हणते. ‘यात पोट भरेल का?’ असं ते विचारतात.

नमस्कार.

लेकीनं निवडलेलं काम तुमच्या अगदी जवळचं आहे. कास्टिंग पाठवलं, समोरच्यानं ब्लोहोल, म्हणजे आत राहिलेली हवेची भोकं, आहेत म्हणून माल रिजेक्ट केला, बिल अडकलं. हे तुम्ही पाहिलं असेलच. थकबाकी 1 कोटी किंवा जास्त असेल, तर पुरवठादार 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपनीला नोटीस काढू शकतो आणि मग एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, दिवाळखोरीचा अर्ज करू शकतो. कंपनीनं 10 दिवसांत आधीपासूनचा खरा वाद दाखवला, की एनसीएलटी अर्ज फेटाळते आणि भांडण दिवाणी कोर्टाच्या वाटेला लागतं. मध्यस्थाची खरी गरज या टप्प्यावर असते. दोघं एका टेबलावर बसले तर पैसेही सुटतात आणि पुढच्या ऑर्डरीही टिकतात. एनसीएलटीनं अर्ज दाखल करून घेतला की मामला दोघांपुरता उरत नाही. बँका, कामगार, सगळे घेणेकरी त्यात येतात. घेणेकऱ्यांची समिती बसल्यावर अर्ज मागे घ्यायचा तर तिची 90 टक्के मतं लागतात.

या प्रक्रियेवर देखरेख ठेवणाऱ्या दिवाळखोरी मंडळाच्या तज्ज्ञ समितीनंही 2024 च्या जानेवारीत ऐच्छिक मध्यस्थीची शिफारस केली. त्याआधी 2023 मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे वाट तयार होतेय, पण स्पष्ट सांगते, नुसत्या मध्यस्थीवर पहिल्या वर्षापासून घर चालणार नाही. मोठ्या रकमेचा वाद लोक अनुभवी माणसाकडेच नेतात.

म्हणून तिनं आधी हिशेब शिकावा. ताळेबंद, जीएसटीची बिलं, बँकेची कर्जखाती वाचता आली पाहिजेत. पदवीनंतर काही वर्षं बंगळूरला, एनसीएलटीत उभं राहणाऱ्या वकिलांकडे काढावीत. कर्नाटकाचं खंडपीठ तिथंच आहे. 10 वर्षांच्या वकिलीनंतर परीक्षा देऊन दिवाळखोरी व्यावसायिक, म्हणजे अशा कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया चालवणारा, हेही होता येतं. मध्यस्थीचं प्रशिक्षण मधल्या काळात घ्यावं.

आणि कन्नड. सीमाभागात हे काहींना रुचणार नाही, तरी लिहिते: तिला कन्नड नुसतं बोलता येऊन भागणार नाही, कागद वाचता आले पाहिजेत. मराठी कारखानदार आणि कन्नड पुरवठादार, दोघांचंही म्हणणं त्यांच्याच भाषेत ऐकणारा मध्यस्थ इथं हवाच आहे.

या सुट्टीत तिला तुमच्या ओळखीच्या एखाद्या सीएकडे बसवा.