यिर्मयाने घेतलेलं शेत

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

पत्र मिळालं. चर्चमध्ये मंडळीत सगळे मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणायला उभे राहतात आणि ‘मी विश्वास ठेवतो’ इथेच तुझी जीभ अडते. नुसते ओठ हलवणं ढोंग वाटतं, मग जाणंच बंद करावं का, असं विचारतेस. उत्तर आधी देतो, कारण मागाहून. जाणं बंद करू नकोस. मतांगीकार म्हणवत नसेल तर गप्प उभी राहा. कोणी बघत नाही, आणि बघत असेल तर त्याचं तो बघून घेईल.

तुझ्या पत्रात ‘वाटणं’ फार आहे. आत काय वाटतं, मागच्या वर्षीइतकं वाटतं का, शेजारणीला वाटतं तितकं का वाटत नाही. ताप बघावा तसं रोज थर्मामीटर लावणं चाललंय. जुन्या करारातली माणसं या वाटेला फारशी जात नाहीत. यहुदी लोक सकाळ-संध्याकाळ जी ‘शमा’ म्हणतात ती ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. पहिलाच शब्द ‘ऐक’. परमेश्वर एकच, एवढं सांगून झालं की पुढे सगळी कामंच लावून दिली आहेत. प्रीती कर, मुलांना शिकव, घरी-दारी बोल, हाताला बांध, दाराच्या चौकटीवर लिही. मतांगीकार त्यानंतर कित्येक शतकांनी रचले गेले. ते टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही, पण तेवढ्या एका मापाने स्वतःला मोजू नकोस.

आता यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय काढ. इ. स. पू. ५८७ च्या आसपासची गोष्ट. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा यरुशलेमला वेढा पडलाय, आत दुष्काळ आणि मरी. यिर्मया राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, कारण शहर पडणार हे तो उघड बोलत होता. अशात त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे, नातलग म्हणून ते सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ म्हणजे यरुशलेमहून चालत तासा-दीड तासाचं अंतर, पण आता ते वेढ्याच्या पलीकडे, शत्रूच्या टाचेखाली. शिवाय हे तेच गाव, जिथल्या माणसांनी ‘परमेश्वराच्या नावाने बोलशील तर जिवे मारू’ असा त्याला दम दिला होता. अकराव्या अध्यायात आहे ते.

अशी जमीन फुकट दिली तरी कोण घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तागडीत तोलून देतो, आजच्या मापाने साधारण दोनशे ग्रॅम. खत होतं, साक्षीदारांच्या सह्या होतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही आपला लेखक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. संदेष्ट्याच्या पुस्तकात हा तलाठ्याच्या दप्तरात शोभेल असा तपशील कशाला, असं तरुणपणी मला वाटायचं. आता वाटतं, त्याचा विश्वास त्या मडक्यात आणि मोहोरेतच आहे, दुसरीकडे शोधायला जायला नको.

यात दोन गोष्टी तुझ्या कामाच्या आहेत. हानामेल येणार हे परमेश्वराने यिर्मयाला आधीच कळवलं होतं. तरी आठवं वचन बघ. हानामेल खरोखर येऊन उभा राहिला, तेव्हा कुठे यिर्मयाला कळलं की ते वचन परमेश्वराचंच होतं. म्हणजे तोवर त्याचीही खात्री नव्हती. आणि प्रार्थना तो केव्हा करतो? चांदी देऊन, खत करून झाल्यावर. ती स्तुतीने सुरू होते आणि शेवटी तक्रारीवर येते. वेढ्याचे मोर्चे तटाला भिडलेत, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती गेल्यात जमा, आणि तू मला सांगतोस की पैसे मोजून शेत घे! शंका मिटली आणि मग व्यवहार झाला, असं घडलेलंच नाही. व्यवहार आधी, शंका मागाहून, आणि तीही सांगणाऱ्याच्या तोंडावर.

त्या शेतात यिर्मयाने नांगर घातल्याचा उल्लेख कुठे नाही. शहर पडलं, पुढे लोकांनी त्याला मिसरात (इजिप्तमध्ये) नेलं. मात्र बाबेलातून परतलेल्यांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कंटाळवाणी म्हणून आपण ती ओलांडून जातो. तीत अनाथोथची माणसं १२८ आहेत.

मोशेचे हातही आठव. अमालेक्यांशी लढाई चालू असताना हात वर धरून धरून तो थकला, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन्हीकडून हात सावरून धरले. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. ‘स्थिर’साठी तिथे मूळ हिब्रूत ‘एमुना’ शब्द आहे, आणि नीतिमान विश्वासाने जगतो हे सांगताना हबक्कूक संदेष्टाही तोच वापरतो. मला स्वतःला या गोष्टीत हूर आवडतो. कुणाचे तरी हात धरून ठेवण्यापलीकडे त्याचं नाव फारसं येतच नाही. तुझे हात गळतील तेव्हा शेजारी कोणीतरी असावं, म्हणून मंडळी सोडू नको म्हणतो.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचं, म्हणजे इथल्या यहुदी लोकांचं, तुला ठाऊक आहे. पेणकर, रोहेकर अशी गावावरून आडनावं, बोली मराठी, धंदा तेलाचा. हिब्रू विसरून गेली, ग्रंथ हाताशी नव्हते. पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. आठव्या दिवशी सुंता चालू राहिली आणि ‘शमा’ची ओळ तोंडात टिकली. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) उभं राहिलं १७९६ साली. त्याआधी किती पिढ्या त्या बंद घाण्यावर निभल्या! त्यातल्या प्रत्येकाला शनिवारी मनातून काय वाटत होतं, कोण जाणे.

म्हणून मन मारून नुसती कवायत कर, असा मात्र अर्थ काढू नकोस. कोरड्या कवायतीवर यशया संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात तुटून पडतो. मनात जे आहे ते बोलायचं, पण देवाशी बोलायचं. अब्राहामाने विश्वास ठेवला हे वाक्य उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात येतं, आणि दोनच वचनांनी तो विचारतो, हे मला कशावरून कळावं? त्याबद्दल त्याला कोणी रागावलेलं नाही. ८८ वं स्तोत्र तर अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. तरी ते गाळलं नाही कोणी. सध्या तुला तेच बरं पडेल. रात्री दार लावून मोठ्याने वाच.

रविवारच्या शाळेतली मुलं तुझ्याकडे आहेत, ती दुसऱ्या कोणाकडे देऊ नकोस. त्यांना गोष्ट सांगायला तुझा मतांगीकार पक्का असण्याची वाट बघायची गरज नाही. यिर्मयाचा अध्याय या आठवड्यात वाच, पण २५ व्या वचनावर थांब. देवाचं उत्तर २६ व्या वचनापासून आहे. ते वाचण्याआधी यिर्मयाच्या जागी तू असतीस तर काय काय सुनावलं असतंस, ते मला लिहून पाठव. भीड ठेवू नकोस.

आईला सलाम सांग. तिचा गुडघा आता कसा आहे तेही कळव.

तुझे,
सर